सत्तावीस हंगाम

रविवारी पाण्याचा टँकर सोसायटीच्या फाटकातून आत आला, की ते हातात स्टीलचा पेला घेऊन जिना उतरायचे. पाइप टाकीत सोडण्याआधी पेल्यात थोडं पाणी घ्यायचे, नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे. मग एक घोट तोंडात घोळवून कडेच्या कुंडीत थुंकायचे आणि मला सांगायचे, "घ्या, सेक्रेटरी. दमलंय, पण वाईट नाही."

विरारमध्ये बोळिंजला आमच्या इमारतीत ते माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत. मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी होतो, म्हणजे टँकरला फोन करणारा आणि लिफ्ट बंद पडली की बोलणी खाणारा. त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. आज त्यांच्याबद्दल लिहायला बसलो, तर त्यांचंही नाव लिहू नये असं वाटतं. त्यांनी केलेल्या एकाही बाटलीवर ते नव्हतं.

एका रविवारी त्यांनी पेला नाकाशी नेला आणि हे पाणी परत पाठवा म्हणाले. डिझेलचा वास येतोय. मी वास घेतला, मला काही कळलं नाही. ड्रायव्हरने घेतला, त्याला तर नाहीच. तो चिडून टँकर घेऊन गेला आणि दुसरा टँकर मिळाला तो सोमवारी संध्याकाळी. दीड दिवस अख्खी इमारत कोरडी. लोक माझ्या दाराची बेल वाजवत होते, आणि वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, ओशाळून घरोघरी पाण्याचे जार पोचवत होत्या. त्या पाण्यात खरंच डिझेल होतं की नाही, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण मी त्यानंतर ते घरी असताना त्यांना न विचारता टँकर रिकामा करून घेतला नाही.

ते वाईनमेकर होते. नाशिकच्या पुढे दिंडोरीच्या बाजूला एका वाईनरीत मुख्य. वहिनी मुंबईत बँकेत होत्या आणि मुलीची शाळा-कॉलेज इथलं, म्हणून घर विरारला. सोमवारी पहाटे मनोर-जव्हारच्या रस्त्याने निघायचे, शनिवारी परत. जानेवारी ते मार्च मात्र यायचेच नाहीत. तो द्राक्षांचा हंगाम. त्या तीन महिन्यांत आम्ही टँकरचं पाणी देवाच्या भरवशावर पीत होतो.

'दमलंय' हा त्यांच्या धंद्यातला शब्द. जास्त दिवस राहिलेली, हवा लागलेली, जीव गेलेली वाईन म्हणजे दमलेली. पण ते तो सगळीकडे वापरत. लग्नाच्या पंगतीतलं वरण दमलेलं असायचं. बाजारातले टोमॅटो दमलेले असायचे. एकदा गणपतीत आमच्या प्रमुख पाहुण्यांचं भाषण चालू असताना माझ्या कानाशी वाकून त्यांनी तोच अभिप्राय दिला, आणि आभारप्रदर्शन करताना मला हसू आवरेना.

इमारतीत त्यांना मागे 'दारूवाले काका' म्हणत. वहिनींना ते लागायचं. त्या कोणी विचारलं तर 'हे फूड प्रोसेसिंगमध्ये आहेत' असं सांगत आणि विषय बदलत. मध्यंतरी वाईन किराणा दुकानात विकावी की नाही यावरून सगळीकडे वाद चालला होता. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही दोन तट पडले. एका बाजूचे म्हणत, वाईन म्हणजे दारू नाहीच, शेतकऱ्याचा माल आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणत, ही तर दारूपेक्षा वाईट. तीन दिवस भांडण चाललं. चौथ्या दिवशी त्यांनी एकच ओळ टाकली. "वाईन ही दारूच आहे. मी करतो, मला माहीत आहे. मुलांपासून लांब ठेवा." दोन्ही बाजू त्यांच्यावर रागावल्या.

रविवारी चार वाजता आम्ही त्यांच्या बाल्कनीत चहा प्यायचो. चहाचाही आधी वास. घरात बाटली नसायची आणि पिताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. धंद्याबद्दल आपणहून फार बोलत नसत, पण एकदा बोलले ते माझ्या लक्षात आहे. त्यांचं म्हणणं, स्वयंपाक करणाऱ्या बाईला चूक सुधारायला संध्याकाळ मिळते. शिक्षकाला दुसरा तास मिळतो. वाईन करणाऱ्याला वर्षातून एकदाच द्राक्षं मिळतात. "मला आत्तापर्यंत चोवीस वेळा संधी मिळालीय, सेक्रेटरी. त्यातल्या तीन बऱ्या जमल्या."

बाकीचं सगळं ते थकल्या आवाजात सांगायचे, तक्रार न करता. लोकांना गोड हवं असतं, म्हणून वर्षागणिक गोड करायची. एका वर्षी कंपन्या बागायतदाराला वाईनची द्राक्षं लावा म्हणतात, चार वर्षांनी घेत नाहीत, मग तो कुऱ्हाड घेऊन बाग तोडतो. शनिवार-रविवारी पाहुण्यांच्या गाड्या येतात. द्राक्षं तुडवायची हौस असते म्हणून त्यांच्यासाठी लाकडी टब ठेवलाय, त्यातल्या रसाची वाईन होत नाही, तो गटारात जातो. परदेशातून वर्षातून दोनदा एक सल्लागार यायचा, जाहिरातीत फोटो त्याचा. "माणूस चांगला आहे," ते म्हणायचे. "माझी वाईन त्याला आवडते."

केतकी, त्यांची एकुलती एक मुलगी, आयटीत नोकरीला लागली आणि तिने आपलं आपण ठरवलं. मुलगा वसईचाच, गिरीजच्या वाडीवाल्यांचा. नारळ, केळी, भाजीपाला. घरातली पहिली इंजिनियर पिढी. मुलाचे वडील, त्यांना सगळे नाना म्हणत, आपल्या पत्नीला घेऊन बोलणी करायला आले तेव्हा वहिनींनी मलाही बोलावून घेतलं. आपल्या बाजूने चार माणसं दिसावीत म्हणून. सकाळपासून त्यांनी नवऱ्याला पढवलं होतं. विचारलं तर फळप्रक्रिया म्हणायचं. खोटं थोडंच आहे?

नाना घरी आपल्या बोलीत बोलत, आमच्याशी मात्र जपून, शाळेतल्यासारखं मराठी. त्यांनी फळप्रक्रिया ऐकलं आणि ते खुलले. वाडीवाला माणूस, त्यांना फळांत रस. कोणती फळं, किती माल लागतो, जॅम करता का, असं विचारू लागले. दोन प्रश्नांना केतकीच्या वडिलांनी उत्तरं दिली. तिसऱ्याला कप खाली ठेवला.

"नाना, मी दारू करतो. द्राक्षाची."

वहिनींनी पदर सारखा केला. नानांच्या पत्नी खाली बघत म्हणाल्या, "माझा धाकटा दीर दारूपायी गेला. एकतीस वर्षांचा होता. त्याची बायको अजून आमच्याकडेच आहे."

ते म्हणाले, "मग तुम्ही नको म्हणालात तर बरोबर आहे."

एवढंच. माफी मागितली नाही, वाईन कशी वेगळी असते ते समजावलं नाही. पाहुणे पोहे तसेच ठेवून उठले. केतकी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती त्यानंतर दीड महिना बापाशी बोलली नाही. वहिनी माझ्याकडे येऊन रडल्या. या माणसाला पाण्याचा सुद्धा खोटा वास सांगता येत नाही, म्हणाल्या, पण पोटच्या पोरीसाठी एक दिवस गप्प बसता येत नव्हतं का? मी तेच केतकीच्या वडिलांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "लग्नानंतर कळलं असतं तर ती बाई केतकीच्या तोंडाकडे बघताना रोज माझी दारू बघत बसली असती."

फेब्रुवारीत, हंगाम ऐन भरात असताना, नाना एकटे आमच्या सोसायटीत आले. हातात वेलची केळ्यांची फणी. घरात वहिनी नव्हत्या म्हणून माझं दार वाजवलं. त्यांना ती जागा बघायची होती, जिथे हा माणूस काम करतो. मी फोन लावून दिला. पलीकडून पंपाचा आवाज येत होता. ते म्हणाले, या, पण मला बसून बोलायला वेळ मिळणार नाही.

नाना आणि मी गेलो. मी मनात झुंबरं आणि मंद दिवे धरून होतो. ते पुढच्या बाजूला होतेही, पाहुण्यांसाठी. मागे मात्र दुधाच्या डेअरीसारखा कारखाना होता. उंच स्टीलच्या टाक्या, ओली फरशी, जागोजागी गटारं. ते गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून हातात पाण्याचा पाइप धरून उभे होते. दाढी वाढलेली, डोळे लाल. "आमचा धंदा धुण्याचा," नानांना म्हणाले. "दिवसभर धुवायचं. मधूनमधून वाईन."

आम्ही सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत तिथे होतो. नाना एका उलट्या क्रेटवर बसून सगळं बघत राहिले. एक ट्रॅक्टर आला की हा माणूस आधी घडातले चार मणी चावून बिया बघायचा. टाकीवर चढायचा, नमुना काढायचा, वास घ्यायचा, घोट घ्यायचा आणि गटारात थुंकायचा. चाळीस वेळा तरी थुंकला असेल. टाक्यांमागे मच्छरदाणी लावलेली एक खाट होती. तीन महिने तो तिथेच झोपत होता, झोपला तर. नानांनी एक द्राक्ष तोंडात टाकलं. जाड सालीचं, बियाळ.

"हे बाजारात कुणी घेणार नाही," नाना म्हणाले.

"म्हणून तर माझ्याकडे येतं."

तिथे नाना पहिल्यांदा हसले. मग दोघं माती आणि पाणी यावर बोलू लागले. झाडाला पाणी जास्त झालं की फळ कसं फोफसं होतं यावर त्यांचं एकमत झालं.

निघण्याआधी ते आम्हांला मागच्या थंड खोलीत घेऊन गेले. तिथे लाकडाची सात पिंपं होती. आदल्या हंगामातल्या शिराझ द्राक्षांची वाईन, अजून वर्षभर तशीच ठेवायची होती. काचेच्या नळीने त्यांनी दोन बोटं वाईन पेल्यात काढली आणि नानांच्या हातात दिली. पिऊ नका, नुसता वास घ्या. नानांनी पेला नाकाशी धरला आणि डोळे मिटले. मग म्हणाले, "पाऊस उघडल्यावर बावखलाच्या काठाला येतो, तसा आहे."

बावखल म्हणजे वसईच्या वाड्यांतली गोड्या पाण्याची तळी. ते नानांकडे बघत राहिले. खिशातून छोटी वही काढली आणि त्यात ते वाक्य लिहून घेतलं.

फाटकापाशी नाना थांबले. "साहेब, माझा भाऊ गेला त्याचं मी तुमच्या माथी मारणार नाही. पोरीला आम्ही नेऊ. पण आमच्या घरात बाटली यायची नाही. सणाला नाही, भेट म्हणून नाही."

"नाही येणार."

लग्न मे महिन्यात झालं, गिरीजला वाडीतच, केळीच्या बागेला लागून मांडव घालून. नानांच्या विधवा भावजयीने केतकीची ओटी भरली. वहिनी दिवसभर डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या. ते मात्र जेवणं झाल्यावर मला मांडवाच्या मागे, बावखलाच्या काठावर सापडले, सूट घालून उकिडवे बसलेले. वास घेत होते.

पुढच्या वर्षी, पाऊस सरल्यावर, एका रविवारी ते खाली आले नाहीत. मी वर गेलो. बाल्कनीत बसले होते, समोर गार झालेला चहा. मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं.

त्या वर्षी एका मोठ्या टाकीची थंड ठेवण्याची यंत्रणा दोन दिवस बंद पडली होती आणि आतल्या वाईनला शिर्क्याचा आंबट वास आला होता. अशी वाईन काढून टाकायची असते, किंवा ऊर्ध्वपातनाला द्यायची असते. पण कंपनी विकायला काढली होती. विकत घेणाऱ्यांना माल दाखवायचा होता. वरून फोन आला की ती टाकी वाचवा. वाचवायला चांगली वाईन लागते. चांगली वाईन त्या सात पिंपांत होती.

"मी नाही म्हणालो असतो तर दुसऱ्या कुणीतरी केलं असतं," ते म्हणाले. "त्याने बिघडवलं असतं. म्हणून मी केलं."

नऊ दिवस ते काचेच्या नळ्या घेऊन बसले होते. या पिंपातलं इतकं, त्या पिंपातलं तितकं, त्यात दुसऱ्या एका टाकीतलं थोडं गोड. दहाव्या दिवशी तो वास गेला. म्हणजे होता, पण कुणाला सापडणार नव्हता. मग त्यांनी कागदावर सही केली आणि सातही पिंपं त्या टाकीत सोडली. स्वतः झडप उघडली. कामगारांना जेवायला पाठवलं होतं.

"आयुष्यात केलेली सगळ्यांत अवघड वाईन ती," ते म्हणाले. "सव्वीस वर्षांत जे शिकलो ते सगळं लागलं. झाकायला."

मी विचारलं, लोकांना कळलं का.

त्यांनी मान हलवली. कुणाला कळलं नाही. परदेशी सल्लागाराला नाही, नव्या मालकांना नाही. गिऱ्हाइकांना तर फार आवडली. दुकानदार आणखी मागत होते. त्यांना वाटलं होतं, निदान एखादं पत्र येईल, कुणीतरी एक ओळ लिहील की यात काहीतरी चुकलंय. ते रोज टपाल बघत होते.

मी वाईन पीत नाही, त्यातलं मला काही कळत नाही. पण एवढं सांगतो. त्या पाण्याच्या टँकरवरून सगळी इमारत अंगावर आली होती तेव्हा या माणसाची मान ताठ होती. त्या रविवारी ती नव्हती.

आणखी एक हंगाम त्यांनी केला, सत्ताविसावा. नव्या मालकांचा तरुण वाईनमेकर आला होता, त्याला सगळं दाखवून दिलं. निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि एक बाटली मिळाली. बाटली त्याच वाईनची. ती त्यांनी फाटकावरच्या रखवालदाराला दिली आणि गाडी सुरू केली. व्याह्यांच्या घरात बाटली न नेण्याचा शब्द होता, पण ती त्यांनी आपल्याही घरात आणली नाही.

घरी बसलेला माणूस सगळ्यांनी पाहिलेला असतो. पहिले काही महिने बरे जातात. ते सोसायटीच्या मीटिंगला येऊ लागले, गिरीजला जाऊन नानांबरोबर वाडीत फिरू लागले. नाना त्यांना केळी आणि पपया चाखायला देत आणि मत विचारत. मग जानेवारी आला. मी सकाळी सहाला फिरायला निघायचो, तर ते फाटकाजवळच्या बाकावर बसलेले. बूट घातलेले, नाडी बांधलेली, मांडीवर पिशवी. पिशवीत काही नसायचं. चारला जाग येते, म्हणाले. कुणीतरी टाकी बघायला हाक मारतंय असं वाटतं. मग झोप येत नाही. फेब्रुवारीत तेच, मार्चमध्ये तेच. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या घेऊन ते बाकावर बसल्या बसल्या डुलक्या घेऊ लागले, पण झोप काही येईना.

वहिनींनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. देवरुखजवळ वहिनींच्या भावाने जमिनीचा तुकडा दिला होता, तिथे दोन खोल्या बांधल्या आणि दोघं तिकडे गेले. जाताना त्यांनी माझा निरोप घेतला तो दारातच. आत या म्हटलं तर नको म्हणाले, बसलो की उठवत नाही.

फोनवर आवाज हलका वाटायचा. तिथे काय करता विचारलं तर म्हणायचे, काही नाही. विहिरीवर जातो, जेवतो, झोपतो. "इथे मला कुणी काही विचारत नाही, सेक्रेटरी. फार बरं वाटतं." केतकीला मुलगी झाली तेव्हा आठ दिवस गिरीजला येऊन राहिले. तेव्हा त्यांना शेवटचं पाहिलं. नात मांडीवर घेऊन बसले होते आणि तिच्या डोक्याचा वास घेत होते.

वैशाखातल्या एका दुपारी मी त्यांना फोन केला. काम काही नव्हतं. वहिनींनी उचलला आणि अगदी हळू आवाजात बोलल्या. हे जेवून आडवे झालेत. हल्ली दुपारी गाढ झोप लागते, इतक्या वर्षांत अशी कधी लागली नव्हती. उठवू का?

मी म्हटलं, नको, झोपू द्या.

चारला त्या चहासाठी उठवायला गेल्या. संध्याकाळी केतकीचा फोन आला तेव्हा मला कळलं. झोपेतच गेले. केव्हा, ते डॉक्टरांना नक्की सांगता आलं नाही.

वहिनी पुढे एकदा म्हणाल्या, तुमचा फोन आला तेव्हा उठवलं असतं तर. मला आठवतं ते एवढंच, की त्या हळू बोलत होत्या म्हणून मीही आवाज खाली आणला होता, इथे बोळिंजला, तिथे देवरुखला त्यांची झोप मोडू नये म्हणून.